गच्चीवर मोजले, तळघरात माणूस पडला

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
नागरी आरोग्य व किरणोत्सर्ग तक्रार कक्ष, नाशिक.

विषय : वॉचमन रंगनाथ यांच्या त्रासाची, टॉवरच्या नावावर निकाली काढलेली फाइल पुन्हा उघडून तळघरातील एसीच्या गॅसची तातडीने तपासणी करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचेच तीन अर्ज (तिन्ही चुकीचे).
२) आपले पत्र, 'मापन मर्यादेत, सबब निकाली'.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, अर्जदार मालिनी ही गंगापूर रोडवरील सुमनश्री सोसायटीची सचिव असून शेजारच्या गच्चीवरील मोबाइल टॉवरविरुद्ध दोन वर्षे भांडत आहे. या काळात सोसायटीने लहरी अडवायला मोबाइलना गोमयाच्या चकत्या चिकटवल्या आणि एका सभासदाने चांगला चालणारा मायक्रोवेव्ह भंगारात दिला. या सगळ्यात अर्जदार आघाडीवर होती, हे ती नाकारत नाही.

त्याच काळात सोसायटीने पार्किंगच्या तळघरातला गाळा सनी नावाच्या एसी दुरुस्तीवाल्याला दिला. सातपूरच्या कारखान्यांतली जुनी यंत्रे तिथे येतात. उघडण्याआधी त्यांतला गॅस टाकीत भरून घ्यायचा असतो. सनीची माणसे नळी कापतात आणि गॅस तिथेच सोडून देतात. हा गॅस हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, वासही कळत नाही. बंद जागेत तो जमिनीलगत साचतो आणि श्वासाची हवा बाजूला सारतो. नेमक्या त्याच जागी, गाड्या उतरतात त्या उताराच्या पायथ्याशी, वॉचमनची खुर्ची आहे.

खुर्चीवर रंगनाथ बसत. मूळचे हरसूलचे, वय बावन्न. त्यांनी अर्जदाराला स्वतः येऊन सांगितले होते, "ताई, खाली बसलो का डोकं गरगरतं, छातीत धडधडतं. वर आलो का बरं वाटतं. टावर तर वर हाय. मंग मला खालीच का होतं?"

महोदय, हे कळायला त्या माणसाला मीटर लागले नाही. अर्जदार एम.एस्सी. आहे. तिने सांगितले की, लहरी वरून खाली झिरपतात. आणि तिसऱ्या अर्जातल्या 'टॉवरबाधित व्यक्तीं'च्या यादीत त्यांचे नाव मोठ्या उत्साहाने पहिले घातले.

आपला कर्मचारी मीटर घेऊन आला. त्याने गच्चीवर मोजले, अर्जदाराच्या स्वयंपाकघरात मोजले, चहा घेतला. तळघरात तो उतरला नाही, कारण अर्जात तळघर हा शब्दच नव्हता. आकडा मर्यादेत आला. तो खराच असणार. त्या आकड्याबरोबर रंगनाथ यांचे दुखणेही निकाली निघाले.

दि. ६ मे रोजी सकाळी सनीच्या माणसांनी तीन मोठी यंत्रे एकदम उघडली. ऊन नको म्हणून उतारावरचे शटर खाली ओढलेले होते. रंगनाथ पाण्याची मोटर लावायला गेले आणि मोटरपाशीच कोसळले. पाच दिवस अतिदक्षता विभागात होते. डॉक्टरांनी लिहून दिले आहे की, बंद जागेतल्या गॅसमुळे हृदयाचे ठोके बिघडले. आता त्यांना दहा पायऱ्या चढवत नाहीत. त्यांच्या पत्नी कुसाबाई अर्जदाराला एवढेच म्हणाल्या, "ताई, त्यांनी तुम्हाला सांगितलं व्हतं ना?"

डॉक्टरांचा कागद घेऊन अर्जदार आपल्या कार्यालयात आली. लिपिक म्हणाले, "मॅडम, आमच्या फॉर्मात टॉवर, उच्चदाबाची तार आणि मायक्रोवेव्ह एवढेच रकाने आहेत. गॅसला रकाना नाही. रेडिएशनमध्ये बसवा, लगेच माणूस पाठवतो." अर्जदाराने एकदा बसवून पाहिले आहे. त्याचे काय झाले ते वर लिहिले आहे.

काल सोसायटीने त्याच खुर्चीवर वाळू नावाचा नवा वॉचमन बसवला. सनीचे काम चालूच आहे. काल दुपारीच अर्जदार वाळूला पाणी द्यायला गेली तर तो म्हणाला, "ऊन लागलं वाटतं ताई, गरगरतंय."

अर्जदार, अर्जदार पुरे झाले. मी त्याला हाताला धरून वर आणले, सनीच्या माणसांना बाहेर काढले आणि उतारावरच्या शटरला कुलूप ठोकले. किल्ली माझ्याजवळ आहे. तळघर तपासायला जो येईल त्याच्याच हातात ती देईन. आत एकतीस गाड्या अडकल्या आहेत. सकाळपासून मला त्रेपन्न फोन आले, पोलिसांत देऊ म्हणतात. रंगनाथ पडले त्या दिवशी एकही आला नव्हता.

आपली, नम्रपणा आवरता घेतलेली,
मालिनी वेणीमाधव गायधनी
दि. २० मे २०२५

सोबत : डॉक्टरांचा दाखला; रंगनाथ यांचा अंगठा असलेला जबाब.