तीन तारांचा फ्यूज

बाबा, मी घाबरले आहे, आणि हे समजेल असं घरात आता कुणी उरलं नाही. विजेवरची गाडी घेतली. रोज अमरावती-अकोला जाणं-येणं आहे ना नोकरीचं. पहिला आठवडा ती पोर्चमधल्या तुमच्या जुन्या पॉइंटलाच लावली. रविवारी दुपारी प्लग काढायला गेले तर चटका बसला. पांढरा सॉकेट बिस्किटासारखा तपकिरी झालेला. त्याच्या बरोबर वर तुमची खोली आहे. तिथे आता माझी लेक झोपते.

वायरमनला बोलावलं. ठरवायचं एवढंच होतं, गाडीसाठी सोळा अँपियरची लाइन घ्यायची की बत्तीसची. "सोळावर सावकाश भरते, रातभर लागन," तो म्हणाला. "बत्तीसवर अर्ध्या वेळात होते, पन मंजूर लोड वाढवा लागन." बोलता बोलता त्यानं जुना बोर्ड उघडला, तुमच्या खोलीचा आणि पोर्चचा चिनीमातीचा फ्यूज ओढून काढला आणि माझ्यासमोर धरला. एका तारेच्या जागी तीन पिळलेल्या. भिंतीतल्या वायरचं आवरण बोटात घेतलं तर चुरा झाला. "वायर जळून राह्यली अन् फ्यूज जाऊनच नाई राह्यला. ताई, वाचले तुमी," तो म्हणाला. मी तिथेच पायरीवर बसले.

अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होतात तुम्ही. रुईला लागलेली आग एकदा डोळ्यांनी पाहिली होती. मी नववीत असताना इस्त्रीसाठी फ्यूजमध्ये दोन तारा टाकल्या, तर तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठून आलात. "काहून दोन टाकल्या? तार जाड झाली तं फ्यूज नाई जळत, पोरी, घर जळते." मग माझ्याच हातून एक तार टाकून घेतलीत. त्या दिवशी तुम्ही पुन्हा जेवायला बसला नाहीत, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

तरीही तुमच्या शेवटच्या मे महिन्यात मी काय केलं? तुम्ही अंथरुणाला खिळलेले, कूलर लावला की फ्यूज जातो, खोली भट्टीसारखी तापते आणि तुम्हाला श्वास पुरत नाही. मी तीन तारा पिळते. कूलर चालू राहतो. संध्याकाळी तुम्ही विचारता, "आज लाइट नाई गेली?" मी म्हणते, वायरमन येऊन गेला. "चांगला मानूस दिसते," तुम्ही म्हणता आणि डोळे मिटता. आठवड्याभरात तुम्ही गेलात. ती तार बदलायची राहूनच गेली. इतकी वर्षं आम्ही तिच्या भरवशावर झोपलो.

मी सोळाच घेतली. मीटरपासून वेगळी वायर, वेगळी अर्थिंग. वायर बत्तीसला पुरेल अशी टाक म्हटलं, पण गाडी सोळावरच भरेल. सावकाश भरू दे. वायरमन हसला. लेकीला सध्या माझ्याजवळ झोपवते, आणि तरी मधूनच भिंतीला हात लावून बघते.

हा कागद तुमच्या टेस्टरच्या डब्यात ठेवते आहे. एक सांगायचं राहिलं. फ्यूज हातात धरून वायरमननं विचारलं होतं, "हे कोन्या अडान्यानं केलं, ताई? फिटिंग तं तुमच्या बाबाचीच न?"

मी हो म्हणाले.