कालवाच्या सुरीने दाबून धरलेला स्वर

मी, सोलांज केरवेल, वय एक्याऐंशी, धंदा कालवं निवडण्याचा (आता निवृत्त), राहणार कांकाल, धक्क्यासमोरचं निळ्या खिडक्यांचं घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. कमी ऐकू येतं, पण ज्यांचं ऐकायचं नाही त्यांच्यापुरतंच. माझ्यावर दडपण आणू शकणारी सगळी माणसं स्मशानात पोचली आहेत, एक सोडून, आणि तो वृद्धाश्रमात आहे.

नोटरी मादाम केमेनेर यांनी बजावलं आहे, "सगळं तुमच्या हाताने लिहा. टाइप केलेलं नको, भाचीकडून लिहून घेतलेलं नको. मजकुरात दुसऱ्या हाताची एक ओळ सापडली तरी कागद बाद." साक्षीदार लागत नाहीत, असंही त्या म्हणाल्या. मला ते हवेत. खाली त्यांनी नुसती सही करावी. माझ्या एका कामाला साक्षीदार नव्हते, त्याचं काय झालं ते कलम तीनमध्ये येईल.

कलम एक. घर भाची नोल्वेन हिला. पश्चिमेकडून गळतं, हे तिला माहीत आहे, तरी हवं म्हणते. स्वयंपाकघरातलं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे, ते तसंच ठेवावं. मी आयुष्यभर त्याच्याच जिवावर भरतीच्या आधी पोचले.

कलम दोन. बँकेत असेल ते समुद्रातल्या बुडत्यांना काढणाऱ्या होडीवाल्यांना. चर्चला काही नाही. १९६९ साली आमच्या सिनेमाच्या पहिल्या खेळातून पाद्रीबुवा उठून गेले आणि जाताना दार आपटलं. बुवा वारले, पण दाराचा आवाज माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

कलम तीन. माझी पायपेटी आणि लाकडी मुठीची कालवं उघडायची सुरी, हीही नोल्वेनलाच. या दोन वस्तूंची ताटातूट करू नये. कारण सांगते.

माझा वर्गमित्र गिल्दा याने 'खारट मुलगी' नावाचा सिनेमा काढला. तेरा वर्षांच्या मुलीच्या कपाटात समुद्र राहायला येतो, शाळेतले मास्तर टाय लावलेले सील असतात, आणि शेवटी मुलगी चर्चची घंटा गिळून मोठी होते. मला आजही त्यातलं निम्मं कळत नाही, पण मी तेरा वर्षांची होते तेव्हा मला तसंच वाटायचं. वाद्यवृंदाला पैसे नव्हते. मोडीत काढलेली ही पायपेटी आम्ही कालवांच्या शेडमध्ये आणली. दोन्ही हातांनी मी दोरीला बांधलेले शिंपले वाजवायची, म्हणून पेटीचा एक सूर दाबून धरायला दोन पट्ट्यांमध्ये सुरी खोचली. पट्टीवर खाच अजून आहे, सुरीचं पातं तिच्यात नेमकं बसतं.

संगीतकार म्हणून नाव नोंदवायचं तर पॅरिसला जाऊन परीक्षा द्यावी लागे. तारीख आली डिसेंबरात. नाताळच्या तोंडावर, कालवांच्या ऐन हंगामात, कांकालमधली कुठली बाई निवडीचं टेबल सोडते? माझा तेव्हाचा नवरा आन्सेल्म त्रेओरेल, शाळेत संगीत शिकवायचा, त्याची परीक्षा झालेली होती. तो म्हणाला, "अगं, तूर्त माझं नाव टाकू. नंतर बदलू की." त्याचं ते 'नंतर' छप्पन्न वर्षं चाललं. लग्न सात वर्षं चाललं.

सिनेमा आठवडाभरात पडला आणि हरवला. गेल्या वर्षी त्याचे डबे चर्चच्याच कपाटात, नाताळच्या मातीच्या मेंढ्यांखाली सापडले. आता तो धुऊनपुसून येत्या शुक्रवारी रेन शहरात लागतोय, तबकडीही निघतेय, आणि दोन्हीवर नाव आन्सेल्मचं. त्या न हलणाऱ्या सुरावर एका विद्वानाने चाळीस पानं लिहिली आहेत. त्याला त्यात वयात येणाऱ्या जिवाची अखंड व्याकुळता ऐकू आली. बाबा रे, ती सुरी होती.

मी सिनेमावाल्यांना पत्र टाकलं. ते म्हणाले, मस्यू त्रेओरेल यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं तर नाव बदलू. आन्सेल्म देत नाही. वृद्धाश्रमात त्याच्या मुलाखती घ्यायला पोरी येतात, केक आणतात. म्हातारपणी कौतुक गोड लागतं, मला कळतं ते. पण मला माझं नाव हवं आहे, आणि मरायच्या आधी हवं आहे.

कलम चार. आन्सेल्म जिवंत असेतो त्याला दर रविवारी दोन डझन कालवं पोचवावीत, तीन नंबरच्या मापाची, ताजी. न उघडलेली. सोबत सुरी देऊ नये.

साक्षीदार:
आर्मेल गेगां, शेजारीण
आन्सेल्म त्रेओरेल

(कलम तीनच्या समासात, दुसऱ्या अक्षरात)
हे खरं आहे. संगीत सगळं सोलांजचं. मी नाव उसनं दिलं होतं, मग काढून घ्यायचं धाडस झालं नाही. सुरी मी आणून दिली होती, तेवढंच माझं. – आ. त्रेओरेल

ताजा कलम. त्याला मुद्दाम सहीला बोलावलं होतं, कलम चार वाचून चरफडावं म्हणून. भिंगाने सगळं वाचलं, कलम चारला हसला, आणि पेन समासात नेलं. मी म्हटलं, "अरे, तिथे लिहू नकोस, कागद बाद होईल."

"होऊ दे. तू दुसरा लिही, तुझा हात चालतोय. माझा उद्या चालेल की नाही, कुणास ठाऊक."

आर्मेल म्हणाली, "छप्पन्न वर्षं लागली, आणि लिहिलं तेही चुकीच्या जागी." मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

तेव्हा हे आता मृत्युपत्र नाही. नोल्वेन उद्या सकाळी हा कागद रेनला सिनेमावाल्यांकडे घेऊन जाईल. नवं मी उद्या लिहायला घेते. सगळं हेच राहील, फक्त कलम चारमध्ये एक बदल: कालवं उघडून द्यावीत.

कांकाल, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५.

सोलांज केरवेल,
संगीतकार