भिंतीवरचे भंतेजी

साकाई, जपान
१५ जून २०२५

चि. प्रीतीले,
स. ज. भी. वि. वि.

दादा कागदावर काहून लिहून राहिला, म्हणून हसशील. फोन आई स्पीकरवर टाकते अन् ही गोष्ट तिच्या कानावर जायले नको. म्हणून पत्र तुझ्या शिलाईच्या दुकानावर टाकलं. घरी नेऊ नको.

मी मजेत. डब्याच्या कारखान्यात दिवसभर भातावर मासोळी ठेवतो. दोन वर्षांतली तिसरी नोकरी, टोमणा मारू नको.

इथं टीव्हीवर इसोगाई म्हणून एक माणूस आहे. सकाळच्या कार्यक्रमात मासोळी चाखते, पाऊस सांगते, खो-खो हसते. त्याचंच ऐकून मी, नववी नापास पोरगा, जपानी शिकलो. तोच मालिकेत खुनी, अन् एका सिनेमात तर आजीबाई! मले ओळखूच आला नाही. काल त्याच्या चाळीस वर्षांच्या कामाचा खास कार्यक्रम होता. जेवता जेवता पाहून राहिलो होतो, अन् पडद्यावर आपल्या घरचा फोटो आला.

आपला, प्रीती! बुद्धाच्या बाजूले लावलेला. खाणीची टोपी घातलेले बाबा, आई, तिच्या हातात मी, अन् माझ्या डोक्यावर हात ठेवलेले जपानी भंतेजी. माझ्या हातून ताटच सुटलं.

ते भंतेजी म्हणजे हाच इसोगाई वं! कन्हान नदीवर सिनेमाच्या शूटिंगले आला होता. भंतेजीच्या भूमिकेसाठी चीवर घालून बसला होता, तर एक जोडपं लेकरू घेऊन आलं अन् पाया पडलं. खरं सांगायची त्याची हिंमत झाली नाही. पाठ केलेला डायलॉग म्हटला अन् हात ठेवला. सोबतच्या माणसानं फोटो काढला, एक आपल्या घरी धाडला, एक त्यानं जपून ठेवला. म्हणे, इतक्या भूमिका केल्या, पण लाज त्या एकीचीच वाटते.

बाबानं त्याच भंतेजीसमोर दारू सोडली ना? मरेपर्यंत एकवीस वर्षं शिवली नाही. आई अजून तिथं रोज फूल वाहते. अन् हे सारं एका डायलॉगवर? आईले सांगू का नको? तिचा विश्वास मोडला तर मी घरी कोणत्या तोंडानं येऊ? झोप लागत नाही.

लवकर कळव. भांडणासकट लोभ असू दे.

तुझा दादा,
धम्मदीप


कन्हान, जि. नागपूर
२ जुलै २०२५

ती. दादाले,
स. ज. भी. वि. वि.

दुकान बंद होतं, म्हणून पोस्टमननं पत्र घरी नेऊन दिलं. आईनं मले मोठ्यानं वाचायले लावलं. वाचता वाचता मी रडून राहिली होती, अन् ती आपली तांदूळ निवडत होती.

मग म्हणाली, मले त्याच दिवशी समजलं होतं. मी हादरलीच, दादा! चप्पल नदीवर राहिली म्हणून ती परत गेली, तर भंतेजी गाडीमागं पँट घालून सिगारेट ओढून राहिले होते. आई चप्पल घेऊन गुपचूप घरी आली. इथं बाबा मोरीत दारूची बाटली ओतून राहिले होते. ते पाहून मी कशाले तोंड उघडू, म्हणते.

मग फूल काहून वाहत होती, विचारलं. तर म्हणे, फूल बुद्धाले होतं, तो बाजूले उभा होता.

आता तिचा हुकूम ऐक. त्या माणसाले जाऊन भेट अन् त्या दिवसानंतर आपल्या घरात काय झालं ते सांग. सत्तावीस वर्षं लाज धरून बसला बिचारा, म्हणते. सुट्टी काढून जा, नोकरी सोडून नको.

काल तिनं स्टुलावर चढून तो फोटो काढला. मले वाटलं, पेटीत टाकते. तर बाबाच्या फोटोशेजारी नेऊन लावला. दोघायले आता सोबत बसू दे, म्हणे.

जिवाले जप, अन् आमच्यावर असाच जीव लाव.

तुझी,
प्रीती