फ्रॅग्रन्स फ्री

३ जानेवारी, सकाळी साडेसात
नवीन वही, संकल्प एकच. वीस तारखेच्या आत हिचे हात बरे करायचे.

ही चाळीस वर्षं रफू करते. भोक कुठे होतं ते कपड्याच्या मालकालाही सापडत नाही, असं रफू. या थंडीनं बोटांची टोकं फाटलीत, आणि नेमकी आत्ताच वकीलबाईंची शाल आली आहे. त्यांच्या आईची, मधोमध कसर लागून जाळी झालेली. वकीलबाई वीसला हे गाव कायमचं सोडणार. हिचं बोट शालीवरून फिरलं की धागा ओढला जातो. काल तीनदा ओढला. हिनं घडी घालून शाल कपाटात ठेवली. मला बघवलं नाही.

४ जानेवारी
स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. म्हणाल्या, साधं मॉइश्चरायझर दिवसातून सहा वेळा लावा, फक्त फ्रॅग्रन्स फ्री बघून घ्या. कागदावर लिहून देत होत्या. मी म्हटलं, गरज नाही. पस्तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय, इंग्रजी मी खोक्यांवर शिकलोय. फ्रॅग्रन्स म्हणजे सुवास. फ्री म्हणजे फुकट. ज्याच्याबरोबर सुवास फुकट मिळतो ते घ्यायचं. बाई जाणकार आहेत. मन प्रसन्न तर हात प्रसन्न.

५ जानेवारी, दुपारी
केमिस्टकडे दीड तास. घाईत घेणाऱ्यातला मी नव्हे. वहीत तौलनिक तक्ता आखला आहे.

निळी बाटली: फ्रॅग्रन्स फ्री, पॅराबेन फ्री, सल्फेट फ्री. एकावर तीन! झाकण उघडून हुंगलं तर वास शून्य. केमिस्टला विचारलं, सुवास कुठाय? म्हणाला, काका, फ्रॅग्रन्स फ्री आहे ना, म्हणून नाही. बरं, पॅराबेन? ते पण नाही. सल्फेट? ते पण नाही काका. तीन वस्तू फ्री छापल्या, एकही दिली नाही, वर हसतोय! म्हटलं, बाबा रे, मीही स्टोअर सांभाळलंय, माल कुठे गळतो ते मला कळतं. मागच्या बाई म्हणाल्या, आजोबा, आवरा की, मला नुसतं खोकल्याचं औषध हवंय.

लोकांना अभ्यासाची कदर नाही.

६ जानेवारी
निर्णय झाला. सोनेरी डबी. फ्री-बिरी काही छापलेलं नाही, पण झाकण उघडलं आणि अर्धं दुकान घमघमलं. न बोलता देणारी कंपनी. घटक ताडून पाहिले: दोन्हींत पहिलं नाव अ‍ॅक्वा, म्हणजे मुख्य औषध तेच. त्यात आपण कमी पडत नाही. शेवटी परफ्यूम, तेही दिलेलं. निळीत युरिया होता. युरिया शेतात घालतात, बायकोच्या हाताला नाही.

८ जानेवारी
दोन दिवस सहा-सहा वेळा लावलं. ही म्हणते, चुणचुणतंय. म्हणजे लागू पडतंय.

१० जानेवारी
बोटं लाल झालीत. रक्त खेळायला लागलं असणार. हिनं तिची जुनी पेट्रोलियम जेलीची डबी मागितली. ती मी माळ्यावर टाकली आहे. नावातच पेट्रोलियम, आणि हिचा अर्धा दिवस गॅसपाशी. ही म्हणाली, अहो, माझी आई जन्मभर तेच लावायची. म्हटलं, आईंच्या घरी गॅस नव्हता. ही उठून गॅसपाशी गेली. पटलं असणार.

१२ जानेवारी
मात्रा वाढवली. सहाऐवजी दहा वेळा. अर्धवट उपाय मला मान्य नाही.

१३ जानेवारी
हिनं शाल काढली. उजेडात खिडकीशी बसली, सुई धरली आणि दोन मिनिटांत ठेवली. बोटं सुजल्यामुळे सुई कळतच नाही म्हणे. शेजारच्या मावशी आल्या होत्या. त्यांनी हिचे हात पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, वास मात्र लग्नघरासारखा येतोय हो तुमच्याकडे. मी आभार मानले.

१५ जानेवारी
वकीलबाईंचा फोन आला, मीच घेतला. काम अगदी शेवटच्या टप्प्यात आहे, असं सांगितलं. कुठलं काम, ते त्यांनी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर ही म्हणाली, खोटं कशाला बोललात? म्हटलं, खोटं कसलं, पाच दिवस आहेत. ही हात पदराखाली घेऊन बसली होती.

१७ जानेवारी
बोटांवर पाणी भरलेले फोड. डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वही बरोबर घेतली होती, तक्ता दाखवला. त्यांनी तो पूर्ण वाचला, हे मान्य केलं पाहिजे. मग विचारलं, काका, फ्रॅग्रन्स फ्री सांगितलं होतं ना? म्हटलं, म्हणूनच तर भरपूर सुवासाचं आणलं.

त्यांनी वही मिटून मला परत दिली. मग विचारलं, चहात शुगर-फ्री गोळी घालता का? म्हटलं, दोन. त्यात साखर असते का? म्हटलं, नसते. मग?

मला वाटायचं ते गोळीचं नाव आहे.

म्हणाल्या, फ्री म्हणजे नसलेलं. या सुवासानंच यांची कातडी पोळली. आता दीड महिना सुईला हात लावायचा नाही. तुमची जुनी जेली चालली असती.

येताना रिक्षात ही बाहेर बघत होती. म्हटलं, त्यांनी मराठीत सांगायला हवं होतं. ही म्हणाली, कागदावर लिहून देत होत्या.

१९ जानेवारी
शाल परत द्यायची ठरलं. मी म्हटलं, मी पोचवतो, चूक माझी आहे. खरं तर दोन वाक्यं पाठही केली होती. ही म्हणाली, काम माझं आहे, मीच जाते. तुम्ही नका येऊ. कागदात गुंडाळायला मात्र मी लागलो, तिला कागद दुमडता येईना.

तासाभरानं आली. म्हटलं, काय म्हणाल्या? म्हणाली, काही नाही, चहा दिला. मी विचारलं, रागावल्या का? म्हणाली, नाही हो. रडल्या थोड्या. चाळीस वर्षांत घेतलेलं काम मी पहिल्यांदा तसंच परत दिलं.

२१ जानेवारी
सकाळी ही दारापाशी उभी. ‘रफू करून मिळेल’ ही पाटी उतरवत होती. म्हटलं, अगं, दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. म्हणाली, बोटं पूर्वीसारखी होतील की नाही ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही, मी विचारलं होतं. पाटीची सुतळी तिला सुटेना. मला म्हणाली, तुम्ही सोडा. मी सोडली.

पाटी पलंगाखाली ठेवली. पुन्हा लावायची तारीख टिपून ठेवावी म्हणून वही उघडली. ही म्हणाली, अहो, तारीख नका लिहू.

नाही लिहिली.