कंदीलफूल आणि कळलावी

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून संशोधन. अकरा वर्षं ज्युनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवतोय. पेपर छापून आला की पर्मनंट. कंदीलफूल आणि कळलावी : वर्गीकरण व संवर्धनस्थिती. महिन्याभरात संपेल. बायकोला, प्रतीक्षाला, सांगितलं. डबा धुवायला टाका म्हणाली.

५ ऑगस्ट
वर्गीकरण झालं. कळलावी पूर्वी लिलीच्या कुळात, तिथून काढली. कंदीलफूल रुईच्या कुळात. ते कुळच कण्हेरीच्या कुळात विलीन. दोघांची बदली झाली, दोघंही तशीच फुलतात.

१० ऑगस्ट, रविवार
डोंगरावर जाणार होतो. बूट ओले. घरबसल्या स्थिती पाहिली. कळलावी : चिंता नाही. इथे सालवडला आमच्या घराच्या कंपाउंडलाही आहे. कंदीलफूल : काही जाती धोक्यात. यावरच पेपर उभा राहणार.

१७ ऑगस्ट, रविवार
सहाला निघायचं होतं, अकराला निघालो. पाड्यावरच्या नवसीबाई वाट दाखवायला आल्या. म्हणाल्या, पयले लय व्हती, आमी कंद खायचो, आता नाय दिसत. कपारीत कंदीलफुलाची एक वेल सापडली, तीन फुलं. कंदासकट उपटली; शास्त्रात याला संकलन म्हणतात. हर्बेरियम शीटला, म्हणजे वाळवलेला नमुना चिकटवायच्या कागदाला, अख्खी वेल लागते. रावदे सर, बी धरू दे, असं त्या दोनदा म्हणाल्या. त्यांना शास्त्र समजावलं : एक दिसली की आसपास पन्नास असतात.

२४ ऑगस्ट, रविवार
चार तास फिरलो. आसपास नाहीत. कळलावी जागोजागी.

२९ ऑगस्ट
वेल वाळवायला कागदांत दाबून ठेवली होती. कागद रोज बदलायचे, राहून गेलं. बुरशी आली, फुलं काळी पडली. जात ओळखता येणार नाही. विभागप्रमुख हेतल मॅडमनी विचारलं, फोटो आहे का. फोनमध्ये जागा नव्हती. वाईट वाटायला हवं होतं. चहा घेतला.

७ सप्टेंबर, रविवार
परत पाड्यावर. नवसीबाई नाचणी निंदत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, येकच व्हती ती, सर. मी हो म्हणालो.

१० सप्टेंबर
पेपर नाही. मॅडम म्हणाल्या, निदान नोंदीचा फॉर्म द्या. आज शिल्लक वेली : शून्य. नष्ट होण्याचं कारण : 'स्थानिक लोक कंद खातात' लिहिलं, खोडलं. 'गुरं' लिहिलं, खोडलं. शेवटी 'संकलन' लिहिलं. खालचा रकाना संकलकाच्या नावाचा. तो मी सकाळीच भरला होता, सुवाच्य अक्षरात, पदवीसकट.