शंभरातले दहा

धनगरवाडी, ता. वेल्हे
५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रत्नास, रायबादादाचे अनेक आशीर्वाद.

सूनबाईकडून लिहून घेतोय. वाडीत मोबाईल लागत न्हाई, आन मला आता कागदबी धुरकट दिसतो. भोरचा डॉक्टर म्हणतो, मोतीबिंदू पिकलाय, काढा. असल्या डोळ्यात शंभरातल्या नव्वदांचं चांगलं होतं. म्या म्हटलं, म्हंजे धा जणांचं बिघडतं! उजवा बाभळीच्या काट्यानं कवाच गेला, हा एकच उरलाय. शेजारच्या बनाबाईचं बिघडलंच की. तिच्या काठीची टकटक रोज कानावर येते. मला न्हाई करायचं. उगं आग्रह धरू नगंस.

तुझा,
दादा

उत्रोली, ता. भोर
१४ नोव्हेंबर २०२४

ती. रायबादादा यांस, धाकट्या रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

लई हट्टी बाई तुमी! बनाबाईची काठी ऐकू येते. पण ज्यांचं चांगलं झालं ते काय दारात येऊन सांगत्यात व्हय? हितं माझ्या सासूबाई ऑपरेशननंतर रोज तांदूळ निवडत्यात. आन भाताची रोपं लावताना शंभरात धा मरत्यातच, म्हणून कोण खाचर पडीक टाकतं का?

तुमी म्हणाल, रोपं शंभर, डोळा एकच. खरं हाय. मलाबी भ्या वाटतं. पण दादा, तुमी अर्धंच इचारलंत. न काढला तर शंभरातल्या कितींना दिसत राहतं, तेबी इचारा. मग ठरवाल ते मला मान्य. वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुमच्या मायेतली,
रत्ना

भोर
२ डिसेंबर २०२४

चि. सौ. रत्नास, अनेक आशीर्वाद.

इचारलं. डॉक्टर म्हणाला, इतका पिकलेला तसाच ठेवला तर एकालाबी न्हाई. मग म्या हो म्हटलं. ऑपरेशन उद्या हाय. सूनबाई खाटेवर बसून लिहितीय.

हे पत्र मुद्दाम आजच. डोळा बिघडला तर भावकी म्हणंल, बहिणीनं आंधळा केला. तूबी मनाला लावून घेशील. चांगला झाला तर सगळेच तुला शहाणी म्हणतील, मग माझ्या बोलण्याची काय किंमत? म्हणून आधीच सांगतो. त्या धा जणांत मी निघालो तरी तुझा सल्ला बरोबरच होता. आई गेल्यापासून माझ्याशी असं हक्कानं कुणी भांडलं न्हाई. लई उपकार झाले, पोरी. भांडत राहा, माया ठेव.

तुझा,
दादा

ता. क. सूनबाई पत्र टाकायला इसरली, पिशवीतच राहिलं. बरं झालं. आज पट्टी सोडली. एवढ्या ओळी माझ्या हातच्या हायेत. अक्षर वाकडं हाय, मला दिसतंय.