पाहुण्याला हरवायचं नसतं

१८ मे १९५८

एरास्ती भावजी,

विजय असो! तसा तो तू मागच्या रविवारी माझ्याच अंगणात मिळवलास, पण नमस्काराची रीत म्हणून पुन्हा म्हणते.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. चहाची पहिली खुडणी झाली, हात अजून काळेच आहेत. गाईला कालवड झाली. शेजारचा पोलिकार्पे अजून आहे, आणि अजून बोलतोच आहे. तुझ्या नेलीला सांग, तुझ्याबरोबर दिलेलं चीज तिच्यासाठी होतं. गाडीतच संपवलं असशील तर मात्र सांगू नकोस, उगाच संसार मोडायचा.

आता कामाचं.

तू जिल्ह्याच्या शाळांतून बुद्धिबळाची पोरं निवडायला आलास. मुख्याध्यापकांनी माकोचं नाव घेतलं आणि आडनाव ऐकून तुला कळलं की ही तर आपल्या साम्सोनची. तेव्हा शाळेत पट न मांडता तू म्हणालास, "पुतणीला घरीच जाऊन बघतो." इथंच घोळ झाला, भावजी. शाळेत बसला असतास तर रडत गेला असतास.

तू मिठाईचा डबा घेऊन आलास. मी कोंबडी कापली, अक्रोडाचं वाटण लावलं. पोलिकार्पे मेजाच्या टोकाला बसला आणि त्यानं पहिला प्याला उचलला तो "तिबिलिसीहून आलेल्या थोर पाहुण्याला". माकोनं ते ऐकलं. मग माझ्या रुखवतातला पट मांडला. तीन डाव झाले, तिन्ही तू जिंकलास. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, "हुशार आहे, पण खेळाला धार नाही. शाळा शिकू दे, डॉक्टर होईल." आणि बस गाठायला पळालास.

बस वळणापलीकडं गेली तसा पोलिकार्पे म्हणाला, "देस्पिने, त्याला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू?"

"की तुझी पोरगी घरी आलेल्याला हरवत नाही!"

"ते कसं सांगतात रे? 'वाईन घ्या भावजी, भाकरी घ्या, आणि हो, पोरगी तुम्हाला मुद्दाम जिंकू देतेय'? त्यापेक्षा घेवड्याचं भांडं त्याच्या डोक्यावर ओतलं असतं तर बरं दिसलं असतं."

आता तू तुझ्या घरी आहेस, माझ्या मेजावर नाहीस. आता सांगता येतं.

सहा वर्षांची असताना तिनं गाईला बघायला आलेल्या ढोरांच्या डॉक्टरला हरवलं होतं. माणूस प्याला अर्धा टाकून निघून गेला, आणि गाय तशीच राहिली. तेव्हा मी तिला शिकवलं की पाहुणा देवानं पाठवलेला असतो. देव आहे की नाही ते पार्टीला विचार, पण पाहुणा त्यानंच पाठवलेला असतो. त्याला भुकेला पाठवायचं नाही, तहानलेला पाठवायचं नाही, आणि हरलेला पाठवायचं नाही. पोर तेव्हापासून हे अक्षर न् अक्षर पाळते. शाळेत तिनं कुणाला सोडलेलं नाही. पोलिकार्पेच्या घरी गेली तर त्यालाही उठता-बसता हरवते. म्हणून तो तिला घरी बोलवतच नाही. रोज संध्याकाळी आमच्या अंगणात येतो, जिंकतो आणि गावभर सांगत फिरतो.

तू म्हणशील, सगळ्या आया असंच म्हणतात. म्हणून परवा खुडताना तिला विचारलं, काकांबरोबरचे डाव आठवतात का. ती चहाच्या एका ओळीत, मी पलीकडच्या. आम्ही खुडताना असंच खेळतो. पट नसतो, हात मोकळे नसतात, तोंडानंच चालायचं.

ती म्हणाली, "कुठला सांगू?"

मी मधला म्हटलं, तिनं तो चालीगणिक सांगितला. घरी येऊन लिहून काढला, सोबत पाठवते. मी म्हटलं, "अगं, यात हरण्यासारखं काय होतं?"

"काकांचा उंट कोपऱ्यात कोंडला होता. मी प्यादं एक घर सरकवलं असतं तर गेलाच होता. मग मी हत्ती बाजूला घेतला."

"का?"

"उंटाला बाहेर यायला वाट नको?" आणि पुढचं झुडूप खुडता खुडता म्हणाली, "पण आई, काकांना कळू नये असा हत्ती कुठं ठेवायचा, त्याचाच फार विचार करावा लागला. जिंकणं सोपं होतं."

पट मांड आणि बघ. नेलीला मात्र जवळ बसू देऊ नकोस.

तुझ्या थोरल्या भावाची बायको,
देस्पिने


२२ जून १९५८

भावजी,

विजय असो. या खेपेला कुणाचा, ते तूच ठरव.

तुझं पत्र पोचलं. एवढं जाड होतं की पोस्टमननं विचारलं, कुणी वारलं का. तू जेवण सोडून पटापुढं बसलास, नेलीनं दिवा काढून घेतला, तरी उठला नाहीस, सगळं वाचलं. "वहिनी, मला न कळता माझ्याशी हरायचं, तर माझ्यापेक्षा लांबचं दिसावं लागतं" हे पोलिकार्पेला वाचून दाखवलं. तो इतका हसला की खुर्चीसकट उलटा झाला. मग उठला, खुर्ची सरळ केली आणि घरी निघून गेला. त्याला स्वतःचे सगळे विजय आठवले असावेत.

लिहितोस, बायकांत अजून कुणी ग्रँडमास्टर झालेली नाही, ही होईल. झाली नसेल रे, बायकांना पाहुणे सांभाळायचे असतात.

लिहितोस, सप्टेंबरपासून तिला आमच्याकडंच ठेव. नेलीला मूलबाळ नाही, तिला आनंद होईल, खिडकीपाशी खाट टाकू, शाळा तिथंच, आणि रोज दुपारी तू स्वतः शिकवणार. इथं राहिली तर चहाच्या ओळीत विझून जाईल, असंही लिहितोस. खरं आहे. तिला शिकवण्यासारखं माझ्यापाशी होतं ते दोन वर्षांपूर्वीच संपलं.

तर काय सांगत होते, मका गुडघ्याला लागलाय. पोलिकार्पेची डुकरं कुंपण मोडून आत येतात. पाऊस बरा आहे.

बरं, लिहिते.

साम्सोन गेला तेव्हा तू रीगाला स्पर्धेत होतास. तुझी तार आली, "डाव अर्धवट आहे, निघता येत नाही." त्यावर मी तुला कधी काही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. फक्त काय झालं तेवढं सांगते. शवपेटीच्या उशाशी भावानं उभं राहायचं असतं. लोक येत होते, रडत होते, हात मिळवत होते, आणि उशाशी जागा रिकामी. एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "याला भाऊ नाही का?" तेव्हा पोलिकार्पे पुढं आला आणि तिथं उभा राहिला. आयुष्यात त्या एका दिवशीच तो गप्प होता. म्हणून तो माझ्या अंगणात कितीही फुशारक्या मारू दे, त्याचा प्याला मी भरते.

माको तेव्हा तीन वर्षांची. त्यानंतर तुला तिनं बघितलं ते या मे महिन्यात, मिठाईच्या डब्यासकट. तिनं तुला पाहुण्यात धरलं यात तिचं काय चुकलं? मीही कोंबडीच कापली ना. घरच्या माणसाला घेवडा पुरतो.

मला हीच एक पोर आहे. पाहुण्याच्या घरी मी तिला वर्षानुवर्षं ठेवणार नाही.

तर असं कर. ऑगस्टात सुट्टी काढून ये, हात हलवत ये. लाकडं फोडायची आहेत, कुंपण नवं घालायचं आहे. भावाच्या थडग्यावर रीतीप्रमाणे वाईन ओत, त्याच्याशी काय बोलायचं ते बोल. मग इथंच, माझ्या अंगणात तिच्याशी खेळ. मी तिला काही सांगणार नाही, तूही सांगायचं नाहीस. तिनं हरवलं तर घेऊन जा. तू जिंकलास तर एकटाच जा. चीज बांधून देईन.

काय मास्तर, घाबरलात?

लहानपणी जिनं तुझं नाक पुसलं ती,
देस्पिने


३० ऑगस्ट १९५८

भावजी,

विजय असो.

माकोला पोचवायला पोलिकार्पे येतोय, हे पत्र त्याच्याच खिशात देते. वाटेत तो उघडून वाचणार, म्हणून त्यालाही नमस्कार. त्याला दोन दिवस ठेवून घे आणि त्याच्याशी एखादा डाव खेळ. तुझ्या घरी तो पाहुणा आहे. काय करायचं ते आता तुला कळत असेल.

तू तिच्या शाळेचं, खाटेचं बघायला घाईत पुढं गेलास, एक सांगायचं राहिलं. तुला वाटतं, तू थडग्यापाशी बसून रडलास म्हणून पोरीचं मन वळलं. नाही रे बाबा. त्याच संध्याकाळी खेळलास आणि जिंकलासच ना? लाकडं फोडलीस, हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा जिंकलास. कुंपण घातलंस, पुन्हा जिंकलास. जिंकल्यावर इतकं पडलेलं तोंड मी कुणाचं बघितलं नाही. मी चुलीपुढं बसून तुझी कीव करत होते, आणि खरं सांगू, आतून मला बरंही वाटत होतं.

मग तिनं फाटक उघडं टाकलं. पोलिकार्पेची डुकरं तुझ्या नव्याकोऱ्या कुंपणाला वळसा घालून सरळ मक्यात. आणि तू ओरडलास, "डोळे काय पटावर ठेवून आलीस का गं, भवाने? हा मका कोण खाणार आहे, तुझा बाप?" सगळ्या आळीनं ऐकलं. मग तुझं तुलाच कळलं काय बोललास ते, आणि तू तसाच काठी घेऊन डुकरांमागं धावत सुटलास.

ती स्वयंपाकघरात आली, कान लालबुंद.

"आई, काका मला ओरडले."

"ऐकलं."

"पाहुणा कधी असा ओरडतो का?"

"मला तरी आठवत नाही."

"मग?"

मी भांडं घासत होते. तेव्हा नुसतं म्हटलं असतं, 'दमलेत गं पाहुणे, मनावर घेऊ नको,' तर ती आज इथं माझ्यासमोर भाकरी खात असती. जिभेवर आलंही होतं. ती गेली की इथं कुणीच नाही, साम्सोनही नाही, हे घर किती मोठं आहे ते तुला माहीत आहे, तू इथंच वाढलास.

मी म्हटलं, "मग काय? मला कशाला विचारतेस? पट घे आणि जा."

पुढचं तुला माहीत आहे. चुलीवरचं दूध वर यायच्या आत तिनं तुला संपवलं. पोलिकार्पे कुंपणावर चढून ओरडत होता, "मात! तिबिलिसीला मात!" तेव्हा तू हसत होतास की रडत होतास ते मला धुरात दिसलं नाही, असं मी गावाला सांगितलंय.

आता ऐक. तिला दुधावरची साय चालत नाही. केस नेलीनं विंचरायचे, तू हात लावायचा नाहीस. हरली की बोलत नाही. बोलवू नका, मक्याची भाकरी नुसती पुढं ठेवा, आपोआप बोलते. आणि तुझे ते मोठे मोठे मास्टर तिला बघायला येणार असतील तर शिकवतोस तिथंच बोलव, घरी जेवायला बोलावू नकोस. नाहीतर ते सगळे खूश होऊन जातील आणि पोर पुन्हा डॉक्टर व्हायची.

डुकरांवरून असो की आणखी कशावरून, पण तिच्यावर अधूनमधून ओरड. तेवढं लागतं तिला.

मी बरी आहे. चहा ऑक्टोबरपर्यंत चालेल. पलीकडच्या ओळीत आता पोलिकार्पेची सून असते. तिला खेळता येत नाही, ती गाते. गाऊ दे.

एकच मागते. नव्या वर्षाला ती येईल, तेव्हा आम्ही दोघी खेळू. शहरात शिकलेली पोर, मला हां हां म्हणता हरवील. आताही हरवतेच. पण आई एकटी असते, आईला बरं वाटू दे, असं मनात आणून तिनं एखादा डाव सोडला तर मला कळेल. तुला नाही कळलं, मला कळेल. म्हणून तू तिला निघायच्या आधीच बजावून ठेव. आईला हरवायचं. दर खेपेला, सगळेच्या सगळे डाव. मी एक जरी जिंकले, तर आमच्या दोघींतली एक पाहुणी झाली असं मी समजेन.

हरायला तयार होऊन बसलेली,
तुझी वहिनी
देस्पिने